अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी घेतलेला मायक्रोस्कोप

लेकीच्या बायोलॉजी प्रॅक्टिकलसाठी हा स्टुडंट मायक्रोस्कोप मागवला आणि खरंच पैसे वसूल झाले. कुंडीतल्या रिओच्या पानाची खालची जांभळी साल सोलली, स्लाइडवर ५% मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि थोड्याच वेळात पेशीतला जांभळा भाग भिंतीपासून सुटून मधे गोळा व्हायला लागला, पाणी बाहेर जातं म्हणजे काय ते पोरीला डोळ्यांनी दिसलं हो! साधं पाणी सोडल्यावर पेशी हळूहळू परत भरल्या.

५% साखरेत मात्र काहीच हललं नाही, वाटलं लेन्सच खराब आहे, पण तसं नाहीये, पेशीतलं पाणी बाहेर किती ओढलं जाईल ते विरघळलेल्या कणांच्या संख्येवर असतं; साखरेचा रेणू जड म्हणून तेवढ्याच वजनात रेणू कमी येतात, आणि मिठाचे तर पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन (विद्युतभार असलेले कण) होतात. साखर २०% केली तेव्हा जमलं.

१० एक्सचं भिंग झकास. ४० एक्सला आरशाचा उजेड पुरत नाही, खिडकीशी बसावं लागतं. कव्हरस्लिप (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचा) दहातल्या चार फुटक्या आल्या, तेवढं पॅकिंग सुधारा प्लीज. चार स्टार.