हवा जास्त भरलीत, ताई

मागच्या डिसेंबरात यवतेश्वरच्या घाटातून खाली येताना माझ्या सायकलचा पुढचा टायर फुटला आणि डाव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात होता. ते दुखणं आता ओसरलंय. पण तो टायर मला कसा विकला गेला आणि तो खराब निघाल्यावर दोष माझ्याच माथी कसा मारला गेला, हे डोक्यातून जात नाही. त्याच माणसाचे टायर आजही विकले जातायत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी करते. सहा वर्षांपासून रोड बाइक चालवते. सकाळी समर्थ मंदिर ओलांडून यवतेश्वर, रविवारी जमलं तर कासपर्यंत, असा माझा नेम. सायकल साधीच आहे, रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक थेट चाकाच्या रिमवर घासून थांबणारी, 700 बाय 25 या बारीक टायरची. दिवाळीच्या आधी मागचा टायर मधोमध झिजून अगदी सपाट झाला होता. मागच्या चाकावर वजन जास्त येतं आणि जोरही तिथेच लागतो, त्यामुळे तो आधी जातो. पुढचाही बराच जुना होता. पुण्यातल्या दुकानात विचारलं तर चांगल्या परदेशी टायरच्या जोडीला साडेनऊ हजार सांगितले, तेही पंधरा दिवस थांबून.

त्याच आठवड्यात सायकलवाल्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. तीच जोडी, 4,400 रुपये. मी मेसेज केला. पलीकडचा माणूस फार नीट बोलायचा. "मॅडम, झिरो किलोमीटर आहेत. एका रायडरने मागवले होते, त्याने सायकलच विकून टाकली. बॉक्स तेवढा नाही." मी कुठे चालवते, बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करते का, असं आपुलकीने विचारलं. मी यंदा पहिली 200 किलोमीटरची करणार आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग तर हेच टायर पाहिजेत, साडेतेरा तासांत आरामात होईल." आपल्यातलाच कोणी बोलतोय असं वाटलं. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पर्सनल माल आहे, बिल कुठून आणू?" मला तेही पटलं. यूपीआयने पैसे पाठवले.

या पायरीवर एक काम करायला हवं होतं: त्या ग्रुपवर त्याचे जुने मेसेज शोधायचे. ते मी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर शोधले. वर्षभरात त्याने चौदा वेळा टायर विकायला काढले होते आणि प्रत्येक वेळी "एका रायडरने मागवले होते". चौदा वेळा माल विकणारा माणूस व्यापारी असतो. व्यापाऱ्याकडे पक्कं बिल मागायचा आपला हक्क आहे आणि तो बिल देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

पार्सल आलं तेव्हा टायर काळेभोर, चकचकीत होते. हाताला तेलकट काळं लागत होतं. सासूबाई म्हणाल्या, "गाडी धुवून पॉलिश मारल्यावर येतो तसला वास येतोय." मला वाटलं, नव्या रबराचा वास असेल. चढवताना घड्यांच्या जागी टायर ताठ वाटला, नीट गोल बसेना, दोन वेळा हवा सोडून पुन्हा भरावी लागली. घडी करून पाठवलेला टायर पहिल्यांदा असाच बसतो, अशी मी समजूत करून घेतली.

साधारण 400 किलोमीटर झाले असतील. लिंबची बारा मोटेची विहीर पाहून परत येताना मागचं चाक ठक ठक करायला लागलं. उतरून बघितलं तर टायरच्या बाजूला सुपारीएवढा फुगा आला होता. हवा सोडली आणि सायकल हातात धरून चालत हायवेपर्यंत आले. घरी आल्यावर फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला.

"हवा किती भरता?"

"85 पीएसआय."

"आणि वजन किती तुमचं?"

"58."

"मग हवा जास्त भरलीत, ताई. तुमच्या वजनाला 70 पुरे. ओव्हरप्रेशर झालं की साइड फुगणारच."

मी माफी मागितली. त्याने मोठ्या मनाने सांगितलं की तसाच आणखी एक आहे, तुमच्यासाठी निम्म्या किमतीत देतो. मी 1,100 रुपये आणखी पाठवले.

खरं तर त्या टायरच्या कडेवरच 120 पीएसआयपर्यंत हवा चालते असं कोरलेलं होतं. मी ते वाचलं होतं, तरी समोरचा इतक्या खात्रीने बोलला की वाचलेलं विसरून गेले. हवा कमी-जास्त केल्याने पकड बदलते, धक्के कमी-जास्त बसतात, हवा फारच कमी असेल तर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हे सगळं खरं. पण कडेवर कोरलेल्या मर्यादेच्या एवढी खाली हवा असताना धड टायरची बाजू फुगत नाही. बाजू फुगते ती आतले दोरे तुटल्यावर. टायरची सगळी ताकद त्या नायलॉनच्या बारीक दोऱ्यांच्या कापडात असते, रबर त्यांच्यावर नुसतं आवरण. दोरे तुटले की हवा तिथून रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. दोरे खड्ड्यावर आपटून, काचेने कापून तुटतात किंवा जुनाट होऊन तुटतात. माझ्या मागच्या टायरला बाहेरून एकही काप नव्हता. तेवढं त्याला विचारायचं मला सुचलं नाही.

नंतर 70 हवा ठेवूनच चालवत होते. घाटातल्या त्या सकाळी थंडी होती, रस्ता कोरडा होता, वळण संपून सरळ पट्टा लागला होता. मागे एक जीप होती. बंदुकीसारखा आवाज झाला, हँडल डावीकडे खेचलं गेलं आणि मी खांद्यावर आपटले. हेल्मेट फुटलं. जीपवाल्या दादांनी वेळेवर ब्रेक मारला, मला उचललं, सायकल टपावर टाकून साताऱ्यात आणलं. वळण संपलं होतं म्हणून आज हे लिहू शकते. दोन सेकंद आधी असतं तर पुढे दरीचा कठडा होता.

सायकल माझ्या नेहमीच्या मेकॅनिक काकांकडे गेली. त्यांचं पेठेत वडिलांच्या काळापासून दुकान आहे आणि रोड बाइक त्यांच्याकडे तुरळक येतात, पण रबर त्यांना हातात धरून कळतं. मी गळ्यात हात अडकवून गेले तेव्हा त्यांनी टायर काढून ठेवला होता. म्हणाले, "ताई, आधी हे बघा." साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्यांनी टायरची बाजू पुसली. फडकं काळं झालं, टायर राखाडी झाला. मग दोन्ही अंगठ्यांत धरून बाजू उलट्या दिशेने वाकवली. सबंध गोलाईवर, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा बारीक भेगा उघडल्या. काही भेगांतून आतले दोरे दिसत होते. फाटलेली जागा चार बोटं लांब होती आणि बरोबर एका भेगेतूनच पुढे गेली होती.

"हा तुमच्या सायकलवर म्हातारा झालेला नाही," काका म्हणाले, "म्हातारा होऊनच आलाय. वर पॉलिश मारलंय."

घरी येऊन बाकीचे दोन्ही टायर तसेच पुसले. तिसरा, निम्म्या किमतीत घेतलेला, सगळ्यांत वाईट निघाला. घड्यांच्या रेषांवर भेगा इतक्या खोल होत्या की नख अडकत होतं.

याबद्दल मी त्या सहा आठवड्यांत बरंच वाचलं, काकांकडून बरंच ऐकलं. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतला ओझोन रबराची साखळी तोडतो, ऊन आणि उष्णता त्याला साथ देतात. म्हणून टायरच्या रबरात मेणासारखे पदार्थ घालतात, जे हळूहळू वर येऊन पातळ थर धरतात. टायर चालत राहिला, वाकत राहिला की हा थर नव्याने येत राहतो. दुकानाच्या काचेत उन्हात किंवा पत्र्याच्या गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या टायरला ते मिळत नाही. त्यामुळे "झिरो किलोमीटर" हे खरं असू शकतं आणि तरी टायर मेलेला असू शकतो. माझे तिन्ही बहुधा असेच कुठल्यातरी दुकानाच्या पडून राहिलेल्या मालातले होते. मोटारीच्या आणि मोटरसायकलच्या टायरवर चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सायकलच्या टायरवर अशी तारीख सगळ्या कंपन्या टाकत नाहीत, आणि याच फटीतून हा धंदा चालतो.

म्हणून टायर हातात आल्यावर, चढवण्याआधी, ओल्या पांढऱ्या फडक्याने बाजू घासून पुसा. थोडं काळं नव्या टायरचंही येतं, पण तेलकट थर निघून खाली राखाडी रबर दिसलं तर परत पाठवा. बाजू उलट वाकवून उजेडात बघा. दोन-तीन ठिकाणी पाहून भागत नाही, पूर्ण गोल फिरवा, घडीच्या जागा नक्की बघा. आतून बघा: कापड पिवळं पडलंय का, दोरे सुटलेत का, पंक्चर बुजवायच्या जुन्या सीलंटचे डाग आहेत का. नव्या टायरच्या माथ्यावर, म्हणजे रस्त्याला टेकतो त्या भागावर, बऱ्याचदा साच्याची बारीक रेघ किंवा रबराचे केस असतात. सगळ्यांवर नसतात, त्यामुळे ते नाहीत म्हणून घाबरू नका, पण रेघ असेल आणि ती मधोमध झिजलेली असेल तर टायर कोणीतरी चालवलाय. काही कंपन्या माथ्यावर दोन छोटे खळगे ठेवतात. ते पुसले गेले की टायर संपला. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. माझ्या टायरचं वजन कंपनी 220 ग्रॅमच्या आसपास सांगते. तिसरा टायर 295 भरला. म्हणजे जुना तर होताच, नाव कोरलेल्या कंपनीचा तरी होता का, याचीच मला शंका आहे.

आणि टायर गेला तर तो कशाने गेला हे विकणाऱ्याने सांगण्याआधी स्वतः बघा. काचेचा काप एका जागी असतो, कडा स्वच्छ असतात. खड्ड्याचा मार एका जागी असतो आणि बहुतेक वेळा समोर रिमवरही खूण असते. म्हातारपणाच्या भेगा सगळ्या गोलाईवर असतात, दोन्ही बाजूंना असतात. फोटो काढताना फक्त फाटलेली जागा काढू नका. मी तेच केलं होतं. टायरची दुसरी बाजूही काढा, जिथे काहीच झालेलं नाही तिथलीही.

अपघातानंतर मी त्याला पुन्हा फोन केला. या वेळी तो म्हणाला, "उतारावर ब्रेक दाबून धरलेत ना? रिम तापते, टायर उडतो." लांब उतारावर रिम ब्रेकने रिम तापते हे खरंच आहे, आणि म्हणूनच हे उत्तर धोक्याचं आहे. पहिल्या वेळी हवा, दुसऱ्या वेळी ब्रेक, दोन्ही वेळा माझी चूक. पण या वेळी टायर माझ्या मांडीवर होता. मी विचारलं, रिमच्या उष्णतेने गेला असता तर काठाकडून गेला असता, हा बाजूच्या मधोमध भेगेतून का फाटलाय? आणि जो फुटलाच नाही त्या तिसऱ्या टायरवर अशाच भेगा कशा? फोन कट झाला.

मी तिन्ही टायरचे पुसण्याआधीचे आणि पुसल्यानंतरचे फोटो ग्रुपवर टाकले. रात्री त्याचा मेसेज आला: पूर्ण 5,500 परत करतो, फोटो काढून टाका. मी काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने नंबर ब्लॉक केला आणि ग्रुप सोडला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्या नंबरवरून, तशीच जोडी आली. फोटोत टायरखालच्या चटईचं डिझाइन तेच, "एका रायडरने मागवले होते" तेच.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. तिथे पहिला प्रश्न बिलाचा आला. बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद, मेसेज आणि त्याच्या चौदा जाहिरातींचे स्क्रीनशॉट होते, ते दिले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. माझी तक्रार साताऱ्यात दाखल करायची तयारी चालू आहे. मेसेज डिलीट करू नका, फाटलेला टायर फेकू नका. काकांनी माझा फेकला नाही, म्हणून माझ्या हातात आज काही आहे.

फुटलेला टायर आयोगापुढे ठेवायचा म्हणून पिशवीत बंद करून ठेवलाय. बाकीचे दोन मी दर रविवारी पहाटे पोवई नाक्यावर, आमचा ग्रुप जमतो तिथे, सायकलला अडकवून नेते. एकावरचं पॉलिश अर्धंच पुसलंय. नवीन कोणी आलं की आधी ती चकचकीत बाजू दाखवते, मग टायर त्यांच्या हातात देऊन वाकवायला सांगते.