उद्यमबागेतल्या पॅटर्न मिस्त्रींनी करून दिलेला पिलबॉक्स

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर १९४० सालचं इंग्लंडमधलं एक छोटं स्टेशन आहे. प्रमाण १:७६, म्हणजे फुटाला चार मिलिमीटर. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश फौज माघारी आल्यावर जर्मन कधीही उतरतील या धास्तीने त्या उन्हाळ्यात तिकडे काँक्रीटचे हजारो पिलबॉक्स, म्हणजे आतून बंदुका चालवायच्या लहान खोल्या, बांधले गेले, त्यांतले कितीतरी पुलांच्या नि रेल्वेलाइनींच्या राखणीला. माझ्या स्टेशनालाही एक हवाच होता. बाहेरून तयार मागवायचा तर मालापेक्षा टपाल महाग, म्हणून उद्यमबागेतलं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते लाकडी नमुने करणारं, एक दुकान गाठलं. बेळगावात फाउंड्र्या भरपूर, त्यामुळे लाकडात बारीक मापाचं काम करणारे हातही इथे आहेत.

टाइप २४ या पिलबॉक्सच्या एका प्रकाराचं ड्रॉइंग नेलं होतं. सहा बाजू: पाच सुमारे ३२ मिलिमीटरच्या, मागची दाराची ५६ची. मिस्त्रींनी कागद फिरवून पाहिला. "पाण्याची टाकी काय ओ ही?" म्हटलं, नाही, आत माणसं बंदुका घेऊन बसायची, किल्ल्याच्या तटाला जंग्या असतात ना, तशा पाच बाजूंना आहेत, आणि मागे दाराच्या दोन्ही अंगांना दोन लहान. जंग्या म्हटल्याबरोबर त्यांना सगळं उमगलं. पुढे एक प्रश्न नाही.

आठ दिवसांनी सागवानी पॅटर्न हातात आला. कोपरे इतके स्वच्छ की बोट फिरवत बसावं. पण टेबलावर ठेवून गुण्या लावला, तर भिंती वर आत झुकलेल्या, प्रत्येक बाजूला जवळजवळ एक मिलिमीटर. खऱ्या मापात तीन इंच. मिस्त्री म्हणाले, "टेपर नसला तर वाळूतनं निघंल कसं, सर?" त्यांचं बरोबरच होतं, चाळीस वर्षं ओतकामासाठीच पॅटर्न केलेले. वाळूत नाही, रबराच्या साच्यात प्लास्टर ओतायचंय, हे मी आधीच सांगायला हवं होतं. रबर ताणून काढता येतं, टेपर लागत नाही. त्यांनी दुसरा केला, भिंती काटकोनात, आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत. दोन्ही मिळून बाराशे रुपये.

दुसऱ्यावर मी एक हट्ट धरला: सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे. सहा इंचांची फळी या मापात दोन मिलिमीटरची. मिस्त्रींनी पट्टी धरून चारी बाजूंनी, म्हणजे खरं तर सहाही, टोकदार सुईने रेघा ओढल्या, आणि दोन-तीन ठिकाणी रेघ मुद्दाम थोडी वरखाली केली. विचारलं तर म्हणाले, "सेंट्रिंगवाला फळी कधी सरळ लावतो काय?" प्लास्टरवर राखाडी रंगाचा पातळ हात फिरवला, की रंग त्या रेघांत उतरतो आणि भिंत काँक्रीटची होते. नुसता गुळगुळीत ठोकळा रंगवला असता तर हे कधीच आलं नसतं.

रणगाडे अडवायचे पाच फुटी चौकोनी ठोकळेही त्यांनीच २० मिलिमीटरच्या पट्टीतून कापून दिले. छान आहेत, पण ते मापाची करवत असलेला कुणीही देईल.

वेळ मात्र हातात ठेवून जा. फाउंड्रीची मोठी ऑर्डर आली की आपलं काम मागे पडतं. माझं एकदा तीन आठवडे पडलं. आणि साचा कशाचा, ओतायचं काय, हे ड्रॉइंगवरच ठळक लिहून न्या.