आठवीतले अडखळणारे वाचक आणि स्टोरीवीव्हरच्या गोष्टी : काही महिन्यांच्या वापरानंतर

‘प्रथम बुक्स’ या बालसाहित्य प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत संकेतस्थळावरील मराठी गोष्टी मी दिवाळीपासून आठवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी वापरतो आहे. चोपडा तालुक्यातील आमच्या शाळेत कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग विरळ होतो, आणि वर्षानुवर्षे अशी तुटक हजेरी लागलेली काही मुले अक्षरे ओळखत असूनही सलग परिच्छेद वाचू शकत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या पायाभूत वाचनावर असल्याने, या वयाच्या मुलांसाठी साहित्य शिक्षकालाच जमवावे लागते.

गोष्टी वाचायला किती सोप्या-अवघड यानुसार चार स्तरांत विभागलेल्या असून त्या उतरवून घेऊन छापता येतात, ही मोठीच सोय आहे. छापताना मलपृष्ठ मात्र मी गाळतो. त्यावर स्तराची नोंद असते, आणि आपण कोणत्या स्तराचे पुस्तक वाचतो आहोत हे शेजारच्या बाकावर कळलेले चौदा वर्षांच्या मुलाला मुळीच खपत नाही. त्यांना परीकथांपेक्षा विज्ञानाच्या आणि माहितीपर गोष्टी अधिक रुचतात.

नुसती गोष्ट हातात देऊन मात्र काहीही साधत नाही. या मुलांचे घोडे अक्षरांवर नव्हे, तर लांब शब्दांवर अडते. ‘शेतकऱ्यांनासुद्धा’ हा शब्द आला की मुलगा ‘शेत’ एवढे वाचतो आणि उरलेले अंदाजाने ठोकून देतो. ‘शेतकऱ्यां’, ‘ना’ आणि ‘सुद्धा’ यांच्यामध्ये पेन्सिलीने उभ्या रेघा मारून दिल्या की तोच शब्द त्याला जमतो, आणि पुढच्या पानावरचा ‘दुकानदारांनासुद्धा’ तो आपणहून तोडतो. त्यानंतर तोच उतारा तीन-चार वेळा मोठ्याने वाचून घेतला की वाचनाला ओघ येतो. वाचनाचे अभ्यासक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पुनर्वाचनाची पद्धत हीच.

‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ वाचणाऱ्या अहिराणी भाषक मुलाला मी थांबवत नाही, कारण शब्द त्याला बरोबर कळलेला असतो. उच्चार ऐकून चुका दाखवणारे एक अ‍ॅप आम्ही याच कारणासाठी बंद केले.

आज बहुतेक मुले दुसऱ्या स्तराच्या गोष्टी न अडखळता वाचतात. रफार आणि जोडाक्षरे काहींना अजूनही नडतात. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या पावरी भाषक मुलांची अडचण वेगळी आहे. त्यांना शब्द वाचता आला तरी तो ओळखीचा नसतो, म्हणून त्यांच्या गटात मी गोष्ट आधी तोंडी सांगतो आणि छापील पाने दुसऱ्या दिवशी देतो.