फ्लॉरेन्सचा चार आठवड्यांचा इटालियन वर्ग: भाषेला नऊ, चित्रांच्या सहलींना पाच

मी पंचवटीत राहते, शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं मायकेलअँजेलो, बोत्तिचेल्ली छापील चित्रांवरून दाखवत आले. यंदाच्या जूनमध्ये फ्लॉरेन्सच्या एका भाषाशाळेत ‘इटालियन भाषा आणि कला’ असा चार आठवड्यांचा उन्हाळी वर्ग करून आले. तेव्हापासून शाळेतल्या मैत्रिणी, माझे जुने विद्यार्थी, सकाळी गोदाघाटावर जलरंगाची पेटी उघडून बसणारी मंडळी, सगळ्यांचा एकच प्रश्न: “बाई, पैसे वसूल झाले का?” म्हणून हे सविस्तर लिहिते. भाषेच्या वर्गाचे पुरेपूर वसूल झाले. कलेच्या भागाचे मात्र मला स्वतः फिरून वसूल करावे लागले.

आधी खर्च सांगून टाकते. शाळेची फी १,०६० युरो, एका आजींच्या घरी खोली आणि दोन वेळचं खाणं मिळून ९४० युरो. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, वर सेवाशुल्क वेगळं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावाच लागतो. विमान, ट्राम, म्युझियमची तिकिटं धरून सगळे मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गेले. पाच वर्षं भिशी आणि सुट्टीतल्या शिबिरांचे पैसे बाजूला ठेवत होते, ते इथे लावले. व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. शाळेकडून येणाऱ्या पत्रात वर्गाच्या तारखा, आठवड्याचे तास, फी भरल्याची नोंद आणि राहण्याचा पत्ता हे चारही हवं. माझ्या पहिल्या पत्रात पत्ता नव्हता, तो मागवण्यात नऊ दिवस गेले.

आणखी एक गोष्ट शाळेने आपणहून सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. तुम्ही थेट इटलीत न उतरता दुसऱ्या शेंगेन देशातल्या फ्रँकफर्टसारख्या शहरातून आत आलात आणि कुणाच्या घरी राहिलात, तर आठ दिवसांच्या आत इटलीतल्या पोलीस कचेरीत, म्हणजे क्वेस्तुरात, आल्याची नोंद करायची असते. मला हे वर्गातल्या ब्राझीलच्या मुलीकडून सहाव्या दिवशी कळलं.

आता वर्ग. रोज सकाळी नऊ ते एक, बाराजण. जर्मनीचे एक निवृत्त इंजिनियर, जपानच्या दोघी, काही अमेरिकन कॉलेजची मुलं, ती ब्राझीलची आणि मी. नाशिकला वर्षभर ऑनलाइन शिकून मी अ-२, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या पातळीपर्यंत पोचले होते. पहिल्या दिवशी लेखी आणि तोंडी परीक्षा घेऊन गट पाडले. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या मिनिटापासून इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाही. अडलं की फळ्यावर चित्र काढायच्या, हातवारे करायच्या, पण इटालियन सोडायच्या नाहीत. नऊ गुण दिलेत ते यासाठी.

मराठी माणसाला ही भाषा जड जात नाही, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. ‘मि प्याचे’ म्हणजे ‘मला आवडतं’. कॉफी एक असेल तर ‘मि प्याचे इल काफ्फे’, फुलं अनेक असतील तर ‘मि प्याच्चोनो इ फ्योरि’. मला कॉफी आवडते, मला फुलं आवडतात. क्रियापद फुलांच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. अमेरिकन मुलं ‘मी आवडतो’ असं काहीतरी करून दर वेळी फसत होती. भूतकाळात तर मी थक्कच झाले. ‘इल पाने?’ म्हणजे पाव, पुल्लिंगी. उत्तर: ‘लॉ मांजातो.’ ‘ला तोर्ता?’ म्हणजे केक, स्त्रीलिंगी. उत्तर: ‘लॉ मांजाता.’ खाणारी मी बाई आहे की पुरुष याचा संबंध नाही, खाल्लेली वस्तू काय आहे ते बघायचं. आंबा? खाल्ला. पोळी? खाल्ली. बाईंनी हा नियम फळ्यावर मांडला तेव्हा वर्गात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. मी हात वर करून सगळी वाक्यं एका दमात केली. त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेत हे आहे का? मी फळ्यावर देवनागरीत ‘खाल्ला, खाल्ली, खाल्लं’ लिहून दाखवलं. त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं.

उच्चारांचंही तसंच. ग्रात्सिए, पित्सा यांतला आवाज आपल्या चमच्यातला च. दुपारच्या जेवणाला प्रान्झो म्हणतात, त्यातला आवाज जहाजातला ज. त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ टेकवून. जोडाक्षर नीट वाजवायचं: नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. पता आणि पत्ता ज्याला वेगळे ऐकू येतात त्याला हे शिकवावं लागत नाही. अडचण आली ती लिंगाची, कारण नपुंसकलिंग तिथे नाही आणि चंद्र स्त्रीलिंगी आहे. ‘मानो’ म्हणजे हात, दिसायला पुल्लिंगी, पण निघतो स्त्रीलिंगी. शब्दयोगी अव्ययं आणि उपपदं मिळून होणारी नेल, सुल, दाल ही जोडरूपं चौथ्या आठवड्यापर्यंत चुकत होती.

राहण्याची सोय उत्तम. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. मी त्यांच्याशी ‘लेइ’ म्हणजे आदराचं रूप वापरून बोलायचे. दुसऱ्या रविवारी भांडी पुसताना त्या म्हणाल्या, ‘दिआमोचि देल तू’. आपण एकमेकींना ‘तू’ म्हणू या. इतक्या वडीलधाऱ्या बाईला ‘तू’ कसं म्हणायचं? मग आठवलं, माझ्या आजीला मी जन्मभर ‘तू’च म्हणत होते, आईलाही. आदर कमी नव्हता, माया जास्त होती. त्या दिवसापासून माझं बोलणं सुटलं. वर्गात आठवडाभरात येत नाही ते स्वयंपाकघरात एका संध्याकाळी येत होतं.

शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. सूपचं पाणी, म्हणजे ब्रोदो, मांसाचं असू शकतं; ते भाज्यांचं आहे का हे विचारायचं. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. हे पाळणाऱ्यांनी आधीच कळवावं. बाकी तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्सचा प्रांत, शेतकऱ्यांचा मुलूख आहे. शिळा पाव, घेवड्याच्या बिया, काळपट कोबीची पानं एकत्र शिजवलेली रिबोल्लिता मला आपल्या घरच्या जेवणाइतकी जवळची वाटली. पाव तिथला अळणी. सगळे नाक मुरडत होते, मला भाकरीची सवय, काही वाटलं नाही.

आता पाच गुणांचं. जाहिरातीत ‘कला’ हा शब्द भाषेच्या बरोबरीने छापलाय. प्रत्यक्षात आठवड्याला दोन दुपारी आणि शनिवारी सहल. सहलीला दोन-तीन वर्गांची मिळून तीसेक माणसं, कानात यंत्र, आणि माहिती इंग्रजीत. सकाळी चार तास इटालियनसाठी धडपडायचं आणि दुपारी चित्रासमोर उभं राहून इंग्रजी ऐकायचं, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. उफ्फीत्सी म्युझियममध्ये बोत्तिचेल्लीच्या ‘वसंता’समोर आम्हाला सहा-सात मिनिटं मिळाली. सिएनाला नगरभवनात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या सुराज्य आणि कुराज्याच्या भिंती आहेत. एकीकडे नाचणाऱ्या मुली, घर बांधणारे गवंडी, धान्य घेऊन शहरात येणारी गाढवं. दुसरीकडे उजाड शेतं. त्या भिंती तासभर बघायच्या असतात. आम्हाला बाहेर काढलं, कारण बस उभी होती. फ्रेस्कोची, म्हणजे ओल्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्राची, एक दिवसाची कार्यशाळा मी खास पैसे भरून घेतली होती, ती पुरेशी नावं आली नाहीत म्हणून आठवडा आधी रद्द झाली. पैसे परत मिळाले, पण मी ज्यासाठी गेले होते ती गोष्ट गेली.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी शाळेची दुपारची फेरी सोडली आणि एकटी सान मार्कोच्या मठात जाऊ लागले. जिना चढून वर आलं की समोरच फ्रा आंजेलिको या भिक्षू-चित्रकाराची ‘आनुन्त्सियात्सिओने’: देवदूत मारियेला, म्हणजे येशूच्या आईला, बाळ होणार असल्याचं सांगतोय. चित्राखाली लॅटिनमध्ये लिहिलंय की इथून जाताना ‘आवे’, म्हणजे मारियेला नमस्कार, म्हणायला विसरू नका. कालारामाच्या पूर्व दरवाज्यावरून जाताना रिक्षावाला एक हात हँडलवर ठेवून दुसरा छातीला लावतो, तसंच हे. पुढे ओळीने भिक्षूंच्या खोल्या, प्रत्येकीत एकच चित्र, एकच खिडकी. मी एका खोलीसमोर वही घेऊन बसले आणि बाजूच्या उजेडात भिंतीवर पुसटशी रेघ दिसली, ओल्या गिलाव्याचे दोन तुकडे जुळतात तशी. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. बाईंनी शब्द दिला: ज्योर्नाता, म्हणजे एक दिवस. चुन्याचा गिलावा ओला आहे तोवरच रंग भरायचा, सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून दगड होतो आणि रंग आत कोंडला जातो. म्हणून चित्रकार एका दिवसात होईल तेवढाच तुकडा लिंपतो. त्या तुकड्याचंच नाव ‘दिवस’. मी सांगितलं, आमच्या अजिंठ्यात असं नाही, तिथे मातीच्या सुकलेल्या लेपावर रंग आहेत. आणि १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने ती चित्रं वाचवायला चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनाच बोलावलं होतं, त्यांनी चढवलेलं लाखेचं वार्निश पुढे पिवळं पडलं. हे सगळं मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बोलले. बारा मिनिटं. शाळेने सहलींचे तास असे वापरले असते तर मी दहापैकी दहा दिले असते.

चुकवू नका अशी एक जागा सान्ता क्रोचे चर्चजवळ, सान रेमिज्यो गल्लीच्या कोपऱ्यावर. भिंतीत उंचावर एक जुना दगड आहे. त्यावर पाण्याच्या लाटा कोरल्यात आणि एक हात बोटाने दाखवतोय: ४ नोव्हेंबर १३३३ला आर्नो नदी इथवर आली होती. त्याच्या वर दुसरी पाटी, ४ नोव्हेंबर १९६६. तारीख तीच, पाणी आणखी वर. त्या १९६६च्या पुरात सान्ता क्रोचेतला चित्रकार चिमाबुएचा लाकडी क्रूस भिजून त्याचा निम्म्याहून अधिक रंग गेला. आज तो गेलेलं चित्र पुन्हा न रेखाटता टांगलाय. मी त्या पाट्यांखाली बराच वेळ उभी होते. आपल्याकडे गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर पूर मोजतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये मी छत्री धरून तेच बघत होते. आजींना हे सांगितलं. १९६६ला त्या शाळकरी होत्या, भिंतींवरचा तेलकट चिखल कसा खरवडला ते त्यांनी हाताने करून दाखवलं.

शेवटच्या आठवड्यात निबंध होता: शहरातली एक जागा. मी काशीने बागेबद्दल लिहिलं. बागेच्या पश्चिम टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, एका छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा आहे. तो कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७०ला, विशीतच, ते फ्लॉरेन्समध्ये वारले आणि त्या संगमावर त्यांचं दहन झालं. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, १८७४चा. जवळच्या पुलाचं नावच ‘पोन्ते आल इन्दिआनो’. आमच्या बाई जन्मापासून त्या पुलावरून ये-जा करतायत, पण हा ‘इन्दिआनो’ कोण ते त्यांना नीट माहीत नव्हतं. निबंध वाचून त्या म्हणाल्या, उद्याचा वर्ग तिथेच.

सकाळी साडेआठला आम्ही ट्रामने निघालो आणि पुढे झाडांखालून बराच वेळ चाललो. पुतळ्यासमोर बाईंनी मला बोलायला लावलं. संगम का, अस्थी वाहत्या पाण्यात का, नाशिकला लोक रामकुंडावर त्यासाठी कुठून कुठून येतात, हे मी इटालियनमध्ये सांगितलं. अस्थीसाठी मला शब्द सापडेना, मी ‘हाडं’ म्हटलं. जर्मन इंजिनियरांनी हळूच सुचवलं, ‘चेनेरि’. राख. मी ते वाक्य पुन्हा नीट म्हटलं.

जाणार असाल तर जूनच धरा. २४ जूनला शहराच्या ग्रामदैवताचा, सान ज्योव्हान्नीचा सण असतो, रात्री आर्नोवर आतषबाजी होते. ऑगस्टच्या मध्याला अर्धं शहर कुलूप लावून समुद्रावर जातं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, गर्दी सोसायची तयारी ठेवा. फी भरण्याआधी शाळेला दोन प्रश्न लेखी विचारा: सहलीत माहिती कोणत्या भाषेत देणार, आणि एका गटात किती माणसं. मी विचारले नव्हते.