टोरंटो सेंटर आणि नुनावुत: जागा एकेकच, पण…

कॅनडाच्या संसदेत दोन्ही मतदारसंघांचा एकेकच खासदार. टोरंटो सेंटर जेमतेम ६ चौरस किलोमीटरचा, पण वस्ती लाखावर. १९३५पासून तो ‘रोझडेल’ म्हणून लढवला जाई. नावातच श्रीमंत पेठ. २०१३च्या फेररचनेत रोझडेल शेजारच्या मतदारसंघात गेलं. सेंट जेम्स टाउनचे टॉवर इथेच राहिले. तिथे प्रचार म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि दारं ठोठावत जिन्याने खाली यायचं.

कॅनडाच्या उत्तर टोकाचा नुनावुत सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, आणि २०२१च्या जनगणनेत माणसं ३६,८५८! पंचवीस गावं, त्यांना जोडणारे रस्तेच नाहीत. उमेदवार विमानाने फिरतो, हवा बिघडली की अडकतो. हा भाग १९७९मध्ये ‘नुनात्सिआक’ नावाने पहिल्यांदा लढवला गेला आणि पीटर इट्टिनुआर देशाचे पहिले इनुइट (उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांपैकी) खासदार झाले. नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला त्यानंतर वीस वर्षांनी, १९९९मध्ये.

म्हणजे तिथल्या मताचं वजन टोरंटोच्या जवळजवळ तिप्पट. हा अन्याय आहे असं मला मुळीच वाटत नाही. नुसती डोकी मोजली असती, तर इनुइटांचा आवाज दक्षिणेतल्या एखाद्या शहराखाली दबून गेला असता.