बॉस्टन की फिलाडेल्फिया : आई-वडिलांना जुने शहर दाखवायचे असेल तर

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-वडील आले की हा प्रश्न हमखास निघतो : हाताशी दोनच दिवस आहेत, जुनी अमेरिका दाखवायची आहे, तर बॉस्टन गाठावे की फिलाडेल्फिया? सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना घेऊन लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांत मी ही दोन्ही शहरे पाहिली आहेत, त्यामुळे पुढचे मत त्या अनुभवापुरतेच समजावे.

अस्सलपणात बॉस्टनचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य करतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात गाजलेल्या पॉल रिव्हिअरचे लाकडी घर १६८० च्या सुमाराचे, ओल्ड स्टेट हाउस १७१३ चे, ओल्ड नॉर्थ चर्च १७२३ चे. आणि ही सारी ठिकाणे फुटपाथवरच्या एका तांबड्या ओळीने जोडलेली असल्यामुळे नकाशा उघडावा लागत नाही. युनियन ऑयस्टर हाउस हे उपाहारगृह १८२६ पासून चालू आहे, आणि तिथल्या अर्धवर्तुळाकार कट्ट्यामागे कालवे (ऑयस्टर) फोडणाऱ्या माणसाचा सराईत हात मालवणचे माझे बाबा कितीतरी वेळ न्याहाळत होते. याउलट फिलाडेल्फियाची सिटी टॅव्हर्न ही खानावळ, जिथे १७७४ मध्ये पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या सभेचे, प्रतिनिधी जमत, ती १८५४ मध्येच पाडली गेली. आज दिसते ती १९७६ च्या द्विशताब्दीसाठी नव्याने उभारलेली वास्तू आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या घराच्या जागी तर केवळ पोलादी सांगाडा उभा आहे. हे सांगितल्यावर बाबांचा थोडा हिरमोड झाला.

तरीही माझा कल फिलाडेल्फियाकडे झुकला, आणि त्याचे कारण बॉस्टनमधली एकच अडचण : तिथे घटकाभर थांबून पाहायला जागा नाही. ओल्ड स्टेट हाउसच्या ज्या सज्जातून १८ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, तो नीट पाहायचा तर चार पावले मागे सरकावे लागते, आणि मागे रहदारीचा रस्ता येतो. इमारतीच्या पोटात भुयारी रेल्वेचे स्थानक आहे, चहूबाजूंनी उंच मनोरे आहेत. ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या १७७० च्या गोळीबाराची खूण असलेले दगडांचे वर्तुळ बाबा वाकून पाहत असतानाच मागून लोंढा आला, आणि मला त्यांना दंडाला धरून बाजूला घ्यावे लागले. त्या दिवशी ‘बाबा, चला’ हे शब्द मी इतक्यांदा उच्चारले की रात्री त्याचेच वाईट वाटत राहिले. चालायला दमदार असलेल्या माणसाला ही अडचण कदाचित जाणवणारही नाही.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे संमत झाला, त्या फिलाडेल्फियातल्या इंडिपेंडन्स हॉलसमोर मोठी हिरवळ आहे. ती मोकळी करण्यासाठी १९५० च्या दशकात एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी इमारती पाडल्या गेल्या, ही गोष्ट मला आजही खटकते. पण त्याच मोकळ्या जागेतल्या बाकावर बसून बाबांनी हॉलचा तो विटांचा मनोरा मनसोक्त पाहिला, हेही तितकेच खरे.

तिथून पंधरा-वीस मिनिटांवर एल्फ्रेथ्स अ‍ॅली आहे. या अरुंद गल्लीतली बत्तीस घरे साधारण १७०३ ते १८३६ या काळात बांधली गेली, आणि त्यांत आजही माणसे राहतात. पायऱ्यांशेजारी बुटांचा चिखल खरवडण्यासाठी रोवलेल्या लोखंडी पट्ट्या आहेत. त्यातली एक वापरून मधोमध झिजलेली दिसली, तेव्हा आईने खाली वाकून तिच्यावरून बोट फिरवले. तिला तारखा सांगाव्या लागल्या नाहीत.

जुन्या हॉटेलातच उतरायची हौस असेल, तर बॉस्टनचे पार्कर हाउस १८५५ पासूनचे आहे, फक्त सध्याची इमारत १९२७ ची आहे. सोबतीला तरुण मंडळी असतील तर बॉस्टन अवश्य करावे. वडीलधारे असतील तर मी फिलाडेल्फियाच सुचवीन, आणि एल्फ्रेथ्स अ‍ॅलीत सकाळी लवकर जावे असेही. दारांमागे कुणाचा तरी संसार चालू असतो, म्हणून बोलणे मात्र हळू आवाजात असावे.