स्मूद जॅझ शोधणं आणि वाटणं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या पावसात सुरू केलेली ही पद्धत फेब्रुवारीत आठ महिन्यांची झाली. स्मूद जॅझ म्हणजे जॅझचा मऊ, सुरेल, सोल-पॉपकडे झुकणारा प्रकार. साधनं चारच. पैसे भरून घेतलेलं एक स्ट्रीमिंग ॲप, अल्बमांची तपशीलवार नोंद ठेवणारं डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ, 'रेडिओ स्विस जॅझ' हे रेडिओ केंद्र आणि फोंडा ते पणजी या पट्ट्यातल्या सहा जणांची एक सामायिक प्लेलिस्ट. निकाल आधीच सांगायचा तर चांगलं स्मूद जॅझ मूडच्या नावाने सापडत नाही, वादकांच्या नावाने सापडतं. ॲपमधल्या 'निवांत संध्याकाळ' छापाच्या याद्यांनी आठ महिन्यांत जेमतेम पाच-सहा टिकाऊ रचना दिल्या. एकाच अल्बमच्या वेष्टणावर छापलेल्या नावांनी त्याहून जास्त दिलं, आणि तेही पहिल्या पंधरवड्यात.

तो अल्बम म्हणजे सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरचा 'वाइनलाइट', साल १९८०. बिल विदर्सने गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' याच अल्बममधलं, त्यामुळे सुरुवातीला तो बहुतेकांना ओळखीचा वाटतो. आता गाणं बाजूला ठेवून साथीदारांची नावं बघा. ड्रम्सवर स्टीव्ह गॅड, बासवर मार्कस मिलर, गिटारवर एरिक गेल, कीबोर्डवर रिचर्ड टी, तालवाद्यांवर राल्फ मॅकडोनाल्ड. यातले गॅड, गेल आणि टी हे तिघे 'स्टफ' नावाच्या बँडमध्ये एकत्र होते. त्या बँडचा पहिला अल्बम १९७६ चा. मार्कस मिलरचं नाव धरलं की डेव्हिड सॅनबॉर्नचा १९८१ चा 'व्हॉयर' हाती लागतो, आणि पुढे माइल्स डेव्हिसचा १९८६ चा 'टूटू'. राल्फ मॅकडोनाल्डचा धागा धरून मागे गेलं तर वॉशिंग्टनचाच १९७५ चा 'मिस्टर मॅजिक' येतो. त्याची शीर्षकरचना मॅकडोनाल्ड आणि विल्यम सॉल्टर यांची, वाद्यमेळाची बांधणी बॉब जेम्सची, ड्रम्सवर हार्वे मेसन. हाच हार्वे मेसन १९७३ च्या हर्बी हॅनकॉकच्या 'हेड हंटर्स'मध्ये आहे, १९७६ च्या जॉर्ज बेन्सनच्या 'ब्रीझिन'मध्ये आहे, आणि १९९१ मध्ये बॉब जेम्स, ली रिटनॉर, नेथन ईस्ट यांच्यासोबत 'फोरप्ले'च्या पहिल्या अल्बममध्येही आहे. 'ब्रीझिन'च्या नावांत राल्फ मॅकडोनाल्ड पुन्हा भेटतो. म्हणजे चार-पाच नावांत अठरा वर्षांचं संगीत बांधलेलं आहे, आणि ते नातं कुठलीही मूड-यादी दाखवत नाही.

करायचं असं. एक अल्बम सलग दोनदा ऐकायचा. ज्या वाद्याकडे कान आपसूक गेला, त्या वादकाचं एकच नाव वहीत लिहायचं. त्या नावाचे दोन अल्बम ऐकायचे, जास्त नाहीत. त्यातून पुन्हा एक नाव. आठवड्याला एक नाव हा वेग बरा पडला. तीन नावं एकदम धरली की काय कुठे ऐकलं हेच लक्षात राहत नाही.

यात अडतं ते मुख्यतः माहितीपाशी. आमच्या ॲपच्या 'क्रेडिट्स'मध्ये बहुतेक वेळा संगीतकार आणि निर्माता एवढेच दिसतात, साथीदार नाहीतच. म्हणून डिस्कॉग्ज लागतं. तिथे एका अल्बमच्या डझनावारी आवृत्त्या असतात आणि सगळ्यांना पूर्ण नावं भरलेली नसतात. मूळ सालाची आवृत्ती उघडावी, तिथे नावं नसतील तर पुढची उघडावी. संकलनं टाळावीत, कारण 'बेस्ट ऑफ'मध्ये दहा वर्षांचे वादक एका ढिगात येतात. ॲपमध्ये दिसणारं साल पुष्कळदा पुनर्मुद्रणाचं असतं. १९७७ चा अल्बम बिनधास्त २००९ चा म्हणून दिसतो, आणि मग ध्वनी एवढा जुना का असा प्रश्न पडतो. एकाच नावाच्या दोन कलाकारांचे अल्बम एकाच पानावर आलेलेही तीनदा सापडले. शोधताना नाव रोमन लिपीतच टाकावं, देवनागरीत काही हाती लागत नाही.

आपोआप पुढचं वाजवण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करा, हा या अनुभवातला सगळ्यात ठाम सल्ला. अल्बम संपला की ॲप 'यासारखं' वाजवतं. पहिल्या आठवड्यात ते ठीक असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन-दोन मिनिटांच्या, वादकाचं नाव नसलेल्या, एकसारख्या सॅक्सोफोनच्या तुकड्यांवर येऊन ठेपतं. कारण समजण्यासारखं आहे. स्मूद जॅझ लोक स्वयंपाक करताना, काम करताना लावतात. नावडलेला तुकडा कुणी उठून बदलत नाही. न बदलणं म्हणजे आवडणं असं यंत्र धरून चालतं. त्यामुळे पार्श्वभूमीला लावायचं असेल तेव्हा खासगी सत्र चालू करावं, म्हणजे ते ऐकणं शिफारशींत मिसळत नाही. ऑगस्टमध्ये हा बदल केल्यावर शिफारशी ताळ्यावर यायला साधारण महिना लागला.

रेडिओचा उपयोग वेगळा. अमेरिकेत या संगीताला श्रोता मिळाला तोच रेडिओमुळे. लॉस एंजेलिसचं 'द वेव्ह' १४ फेब्रुवारी १९८७ ला सुरू झालं आणि त्या धर्तीची केंद्रं गावोगाव निघाली. न्यूयॉर्कच्या केंद्राने २००८ मध्ये आणि शिकागोच्या केंद्राने २००९ मध्ये हा बाज सोडला. 'रेडिओ स्विस जॅझ' निव्वळ स्मूद जॅझचं नाही. स्विंग, ब्लूज, सोल, गायन सगळं येतं. पण जाहिरात नाही, बडबड नाही, आणि चालू रचनेचं व कलाकाराचं नाव पडद्यावर दिसतं. रोज सकाळी अर्धा तास, एवढंच पुरतं. आवडलं की नावाचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि रविवारी सगळे एकत्र तपासायचे. लगेच शोधायला गेलं तर पुढची रचना ऐकायची हुकते.

आता डेटा. ॲपमधल्या ध्वनीच्या वरच्या दर्जाला, म्हणजे ३२० केबीपीएसला तासाला साधारण १४४ एमबी जातात, ९६ केबीपीएसला ४३. घरच्या वायफायवर अल्बम आधीच उतरवून ठेवला तर चाळीस मिनिटांच्या अल्बमला शंभरेक एमबी जागा लागते आणि सत्तरी-सांगे बाजूला रेंज गेली तरी संगीत तुटत नाही. महिन्यातून एकदा तरी ॲप ऑनलाइन उघडावं, नाहीतर उतरवलेलं सगळं कुलूपबंद होतं.

ध्वनीबाबत या संगीताची एक अडचण आहे. त्याची सारी नजाकत बास आणि झांजांच्या हलक्या कामात असते, आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरमधून नेमकं तेच गळतं. उरते ती फक्त सॅक्सची धून. मग ऐकणारा म्हणतो, हे तर हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत. दोष त्याचा नाही, त्याला अर्धंच ऐकू आलेलं असतं. दहा वॅटच्या स्पीकरवर इक्वलायझरमधली ६० हर्ट्झची पट्टी वर नेऊ नका. ॲम्प्लिफायरची सगळी ताकद तिथेच खर्च होते आणि बास फाटतो. त्याऐवजी २५० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, धूसरपणा जातो. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवा. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, सोप्यावर, सिमेंटच्या कोपऱ्यात ठेवला की घुमतो. पत्र्यावर पाऊस चालू असेल तर हाय-हॅट, म्हणजे ड्रम्समधली जोड-झांज, ऐकूच येत नाही; आवाज वाढवून उपयोग नाही, त्या वेळी वायरचा हेडफोन घ्यावा. दमट खारट हवेने चार्जिंगची पिन हिरवी पडते. ऑगस्टपर्यंत एक स्पीकर त्यानेच गेला. दुसरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांसह ठेवला, तो अजून ठणठणीत आहे.

वाटण्याचा भाग सगळ्यात जास्त वेळा चुकला आणि सगळ्यात जास्त समाधानही त्यानेच दिलं. पहिल्या महिन्यात सामायिक यादी १४० रचनांची झाली आणि कुणीच ऐकेना. सप्टेंबरपासून मर्यादा वीसची केली. नवी घालायची तर आपलीच एक जुनी काढायची. त्या दिवसापासून लोक विचार करून घालू लागले. नुसती लिंक व्हॉट्सॲपवर टाकण्यात अर्थ नाही. समोरच्याकडे दुसरं ॲप असेल तर लॉगिनचं पान उघडतं किंवा तीस सेकंदांचा नमुना वाजतो. 'ओडेस्ली'वर लिंक चिकटवली की सगळ्या ॲपच्या वाटा असलेलं एकच पान मिळतं, ते पाठवावं. आणि सोबत एक ओळ हवीच: नेमकं काय ऐकायचं. 'जस्ट द टू ऑफ अस' पाठवताना "गाणं अर्ध्यावर गेल्यावर रॉबर्ट ग्रीनिजचं स्टील पॅन ऐका" (पोलादी पिंपाचं सुरेल वाद्य) एवढं लिहिलं की माणूस शेवटपर्यंत थांबतो. इथे आवृत्तीही तपासावी. अल्बममधली रचना सात मिनिटांवरची आहे, रेडिओसाठी कापलेली चार मिनिटांच्या आसपासची; स्टील पॅनसाठी लांबच पाठवावी. यादीत १९७५ च्या शेजारी अलीकडची रचना येते तेव्हा आवाजात मोठा फरक पडतो, म्हणून ॲपमधली आवाज समान ठेवण्याची सोय चालू असावी.

कुणाला काय पाठवावं हेही कळत गेलं. नाट्यगीतांवर वाढलेल्या कानाला, आणि फोंड्याकडे असे कान घरोघर आहेत, परत परत येणारा मुखडा हवा असतो. त्यांना 'मिस्टर मॅजिक' आणि 'ब्रीझिन' चटकन भावतात: धून सांगितली जाते, वादक तिच्यावर बढत करतो, पुन्हा धुनेवर येतो. अभिषेकीबुवांचं पद ऐकणाऱ्याला ही चाल समजावून सांगावी लागत नाही. सोप्रानो सॅक्सवर स्वर खेचत नेण्याची लकबही त्यांना मींडेसारखी जवळची वाटते. लॉर्नाची कोकणी गाणी आणि ख्रिस पेरीचा ट्रम्पेट ज्यांच्या घरात वाजला, त्यांना ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा आवाज, आधीपासूनच घरचा. त्यांना चक मँजिओनीचा १९७७ चा 'फील्स सो गुड' द्यावा, त्यातलं फ्लुगलहॉर्न ट्रम्पेटपेक्षा मऊ आहे. आणि ज्यांना हे सारं फारच गुळगुळीत वाटतं, त्यांना आपल्या गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांचा १९७० चा 'रागा रॉक' शोधायला सांगावं. तो स्मूद जॅझ मुळीच नाही, पण सॅक्सोफोन कुठवर जाऊ शकतो ते त्यात कळतं.

एक खबरदारी उशिरा सुचली. हक्क संपले की रचना भारतात राखाडी होतात, वाजत नाहीत, आणि काही वेळा यादीतून नावासकट जातात. वीसच्या यादीतल्या दोन अशाच गेल्या. त्यातली एक कुठली होती हे सहांपैकी कुणालाच आठवलं नाही. आता दर महिन्याच्या एक तारखेला यादी साध्या मजकुरात उतरवून ठेवली जाते: रचना, वादक, अल्बम, मूळ साल, लांबी, आणि ती कुणी घातली.